अंगणातल्या शाळेचं सामान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चार वर्षांच्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवणारे आईबाप आता शहरांतून भेटू लागले आहेत. त्यांची संख्या फार नाही, पण प्रश्न सगळ्यांचा एकच. कोणता संच घ्यायचा? एका संचात लाकडी ठोकळे असतात, दुसऱ्यात रंगवायची पानं, तिसऱ्यात वर्षभराचं वेळापत्रकच छापलेलं असतं, सोमवारी वर्तुळ आणि मंगळवारी चौकोन. किंमत पाहिली की एखाद्याला वाटावं, याच्यापेक्षा शाळेची फी परवडली. कायद्याची या वयात आडकाठी नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वयासाठी सरकार बालशिक्षणाची सोय करू शकेल, एवढंच त्यात म्हटलं आहे. म्हणजे पहिली सहा वर्षं निवड घरच्यांची. निवडायचं काय, हाच घोळ.

हा घोळ नवा नाही. तो सोडवण्याचा आपल्याकडचा सगळ्यात धीट प्रयत्न जिथं झाला, तो मुलूख म्हणजे आजचा पालघर जिल्हा. समुद्रकाठची बोर्डी आणि घाटाकडचं मोखाडं ही या जिल्ह्याची दोन टोकं. बोर्डीला सुरू झालेली गोष्ट मोखाड्यापर्यंत कशी पोहोचली आणि वाटेत तिचं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी थोडं मागं जाऊ. मुलाला शिकवण्यासाठी खास वस्तू तयार करायच्या, ही कल्पना जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलची. १८३७ साली त्यानं ब्लांकेनबुर्ग गावी आपलं काम सुरू केलं आणि पुढं त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याच्या वस्तूंना तो ‘भेटी’ म्हणत असे. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन आणि नळकांड्याची. मग १९०७मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरीबाईंनी बालगृह उघडलं. त्यांचं सामान आणखी नेमकं होतं. त्यातला गुलाबी मनोरा बहुतेकांनी पाहिला असेल. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन, एकावर एक रचायचे. ठोकळ्यांच्या खाचांत बसणारे लाकडी दट्टे असतात, त्यांतला एक चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक उरतोच. मुलाला ‘चुकलास’ असं कुणी सांगावं लागत नाही, सामानच सांगतं. बाईंची खरी हुशारी इथं आहे, लाकडाच्या रंगात नाही. पण गंमत बघा, गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत जगभर फिरताना श्रीमंतांची झाली. सामान ठरावीक मापाचं, ठरावीक कारखान्याचं, म्हणजे ते महाग होणारच. १९३१ साली गांधीजी लंडनच्या माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलले, तेव्हा हे शिक्षण धनिकांच्या मुलांपुरतं न राहता कंगालांच्या मुलांनाही मिळावं, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती.

आपल्याकडे या वाटेनं निघालेला मोठा माणूस म्हणजे गिजुभाई बधेका. ते काठेवाडात वकिली करत. १९१३मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला शिकवायचं कसं, या चिंतेनं त्यांनी वाचायला घेतलं. आजचा घरी शिकवणारा बाप ज्या जागी उभा आहे, त्याच जागी ते उभे होते. फरक असा, की त्यांनी आपल्या मुलापुरतं उत्तर शोधून तिथंच थांबायचं नाकारलं. वकिली सुटली आणि १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर निघालं. तिथं १९२३ साली ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातली ही मुलगी. पदवी घेतलेली, लग्न मोडलेलं, पदरी लहान लेक, राजकोटच्या मुलींच्या महाविद्यालयात प्राचार्यपद भूषवलेलं. भावनगरहून ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. तो उत्तम चालला. नाव झालं, मुलं आली, पालक खूश होते. एखादी दुसरी बाई तिथंच थांबली असती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. ते साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याच वर्षी डहाणू, तलासरी आणि उंबरगाव भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर गावोगाव हिंडत होत्या. गोदावरीबाईंचं काम आणि ताराबाईंचं काम यांच्या वाटा वेगळ्या, पण पायाखालची माती एकच. ज्या माणसाचा दिवसच त्याच्या मालकीचा नाही, त्याच्या तीन वर्षांच्या पोरानं बालवाडीत यावं कसं?

ताराबाईंच्या सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून झालेल्या शिक्षिका. आधी चांदवडकडे, नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत त्या मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. अशा बाईला घरी अभ्यास म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बोर्डीला बालवाडी उघडली तेव्हा आधी जे व्हायचं तेच झालं. शाळा गावात आणि मुलं वस्तीत. मोठी भावंडं कामावर, आई कामावर, पोराला आणून कोण सोडणार? तेव्हा या दोघींनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. झाडाखाली, पडवीत, कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात. अंगणातली वाडी म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर ज्या शब्दाची पाटी लागते, तो शब्द असा इथं घडला.

आता सामानाकडे येऊ. दादरचं सामान डोक्यावर घेऊन अंगणाअंगणांत हिंडता येत नाही. ते विकत घ्यायला पैसे नव्हते आणि असते तरी त्याचा उपयोग शंकास्पदच होता. त्यामुळे सामान तिथंच शोधलं गेलं. बोर्डीचा समुद्रकिनारा हाताशी होता. शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काड्या आणि माती. शिंपले लहानमोठे लावले की क्रम आला, रंगानं वेगळे केले की वर्गीकरण आलं, मोजले की अंक आले. फ्रोबेल आणि माँटेसरी यांच्या वस्तूंमधून जे शिकायचं तेच, फक्त वस्तू भरतीनं आणून टाकलेल्या. गरिबांसाठी केलेली ही स्वस्त नक्कल होती असं कुणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. शिंपला हा गुलाबी ठोकळ्यापेक्षा काही बाबतींत सरस आहे. त्याला आत-बाहेर आहे, खरखरीत-गुळगुळीत आहे, वास आहे, आणि हरवला तर कुणी रागवत नाही. मुलाच्या हातून वस्तू हरवण्याची भीती ज्या घरात असते, तिथं सामान कपाटावरच राहतं. महागड्या संचांची ही अडचण पेटीवर छापलेली नसते.

शिंपल्यात उणं काय, तेही सांगायला हवं. त्यात दट्ट्यासारखी स्वतःची चूक स्वतः दाखवण्याची सोय नाही. ती सोय कुठून आणायची? घरातूनच. स्वयंपाकघरातले पाच-सहा डबे आणि त्यांची झाकणं मुलापुढं टाका. एक झाकण चुकीच्या डब्यावर गेलं तर शेवटी एक डबा उघडा राहतो आणि मूल स्वतःच मागं फिरतं. आपल्या आज्यांनी हे सामान कित्येक पिढ्या नातवंडांपुढं टाकलं, फक्त त्याला अभ्यासक्रम म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

१९५६-५७च्या सुमारास हे काम किनारा सोडून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता समोर जवळजवळ सगळी वारली वस्ती होती. इथं आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, ती विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरलं वर्गात, तिघांची नजरानजर होईल इतक्या अंतरावर. आणि जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शिक्षक रानात गेले. ती कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली, एक डोळा गुरांवर. राखोळीच्या पोराला आपलं प्रत्येक जनावर ओळखू येतं. एक कमी असलं तर न मोजता कळतं. वजाबाकी त्याला येतच असते, तिला फक्त खूण द्यायची असते. कागदावरची आकृती दाखवून ‘यात वेगळं काय’ असं विचारणारे आजचे सराव-संच पाहिले की मला ते कुरण आठवतं.

ताराबाई १९७३मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर सामान गेलं का? योजनेत पूरक आहार, लसीकरण, तपासणी, आरोग्यशिक्षण अशी कामं होती आणि त्यांत पूर्वप्राथमिक शिक्षणही होतं. कागदावर सगळी सारखी, प्रत्यक्षात आहार पुढं आणि शिक्षण मागं. याला दोष देणं सोपं आहे. पण जव्हार-मोखाड्यात उभं राहून तो देता येत नाही.

हा मुलूख नकाशावर मुंबईच्या जवळ दिसतो. जव्हार हे मुकणे घराण्याचं जुनं संस्थान, १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेलं. मोखाडा संस्थानाच्या बाहेर, ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. डोंगरउतारावर नागली, वरई आणि भात. पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यातलं, हेही जाता जाता सांगायला हवं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले आणि महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोसबाडला अनुताई वारल्या. जिनं अंगणवाडी घडवायला हात लावला, ती जात असताना त्याच जिल्ह्यात अंगणवाडीच्या वयाची मुलं भुकेनं मरत होती. अशा वेळी सेविकेनं आधी खिचडीचं पातेलं चढवलं आणि रंगीत मणी फडताळात राहिले, तर तिला काय म्हणणार? पोट रिकामं असताना हात चालत नाही. पण पोट भरल्यावरही फडताळ बंदच राहिलं, ही पुढची गोष्ट आहे आणि ती माफ करण्याजोगी नाही.

फडताळ उघडलं तेव्हाही अडचण आलीच. आपली अक्षरमाला आठवा. अ अननसाचा. मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला अननस चित्रातच भेटतो. ए एडक्याचा म्हटलं की मात्र शहरातलं मूल आईकडे बघतं आणि आई मोबाइलकडे. ण तर बाणाचा, म्हणजे अक्षर शेवटी आणि चित्र भलत्याचंच. तक्ता कुणाच्या अंगणासाठी काढला, यावर त्याचा उपयोग ठरतो. त्यात भाषेचा प्रश्न. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा घरांतली बोली आणि तक्त्यावरची मराठी यांत अंतर आहे. चार वर्षांचं मूल गप्प बसतं तेव्हा त्याला येत नाही असं आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याला येत असतं, पण आपल्या शब्दांत. म्हणून घरी शिकवणाऱ्याला मी पहिलं सांगेन ते हे, की विकत घ्यायच्या पुस्तकाची भाषा आधी आपल्या स्वयंपाकघरात बोलली जाते का, ते बघा. पुण्यातल्या कितीतरी घरांनाही हा प्रश्न लागू आहे. तिथं अडथळा बोलीचा नसतो, इंग्रजीचा असतो.

या प्रश्नाला हात घालणारी माणसं पुढंही याच जिल्ह्यात निघाली. १९८२मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल सुरू केली आणि डहाणू तालुक्यातल्या ऐना-दाभोणला काम उभं राहिलं. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला २००७पासून क्वेस्ट ही संस्था आहे आणि तिचा ‘पालवी’ हा कार्यक्रम अंगणवाडीतल्या मुलांसाठीच आहे. म्हणजे बोर्डीला लागलेला दिवा या हातातून त्या हातात जात राहिला. फार गाजावाजा झाला नाही, हे खरं.

आणि मग मार्च २०२० आला. देशभरच्या अंगणवाड्या बंद झाल्या. शिधा घरोघर पोचवण्यात सेविका गुंतल्या. ज्यांनी ‘होमस्कूलिंग’ हा शब्द कधी ऐकला नव्हता, ती सगळी घरं एका दिवसात शाळा झाली. शहरात त्याचा अर्थ झाला चार वर्षांचं मूल आणि मोबाइलचा पडदा. मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथं पडद्याचा प्रश्नच नव्हता. तिथल्या घरात होतं काय? नागली आणि वरई होती. दोन्ही मुठी एका सुपात मिसळून द्या आणि तांबूस दाणे एकीकडे, फिके दाणे दुसरीकडे करायला सांगा. बोटांची चिमूट तयार होते, आणि उद्या पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. चिंचोके होते, मोजायला. सागाची आणि पळसाची पानं होती, एक अख्खं मोठं आणि दुसरं तीन-तीनच्या जुडीतलं. भिंत होती. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांतून माणूस, सूर्य-चंद्र आणि देवचौक उभा करणारी वारली चित्रकला या डोंगरांची. जिव्या सोमा मशेंनी ती जगभर नेली. भूमितीचा तक्ता विकत आणणाऱ्यानं ते चित्र एकदा नीट बघावं. आणि मोखाड्याला बोहाडा होता. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचताना रात्रभर बघून आलेल्या मुलाला गोष्ट कशी सांगायची ते शिकवावं लागत नाही, त्याला फक्त विचारावं लागतं, की मग काय झालं?

म्हणून काय सगळं आपोआप होतं? नाही. दाणे घरात होते, पण मुलासमोर बसायला आई कुठं होती? सामान फुकट मिळतं, वेळ फुकट मिळत नाही. ताराबाई-अनुताईंच्या अंगणात शिंपल्यांइतकीच महत्त्वाची होती ती शिंपल्यांपाशी बसलेली बाई. ती कधी बोलायची आणि कधी गप्प राहायची, याचं तिला शिक्षण दिलेलं होतं. संचाच्या जाहिरातीत ही बाई दिसत नाही. जो संच ‘मूल एकटंच तासभर रमेल’ असं सांगून विकला जातो, तो मुलासाठी नसून आपल्या सवडीसाठी आहे. तशी सवड लागतेही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याला अभ्यासक्रम म्हणू नये.

सरकारी कागदही आता या वाटेला लागले आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला. २०२२मध्ये त्याचा आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी निघाली. खेळणी, बाहुल्या, चित्रपत्ते, तक्ते, गोष्टी. स्थानिक वस्तू आणि मातृभाषा यांवर त्यात भर आहे. बोर्डीला १९४५ साली जे केलं ते दिल्लीला पटायला पाऊणशे वर्षं लागली. पेटी चांगली आहे. मला काळजी आहे ती तिच्या कुलपाची.

मोखाड्याची खरी कसोटी आणखी वेगळी आहे. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की कितीतरी घरं बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याण, वसईकडे. ती परततात पावसाच्या तोंडाला. अंगणवाडीच्या पटावर नाव असलेलं मूल वर्षाचे सहा-सात महिने त्या गावातच नसतं. नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचं तात्पुरतं खोपट. अंगणवाडीची आणि कुरणशाळेचीच ही पुढची पायरी, मूल जिथं जाईल तिथं शाळेनं जायचं.

ट्रकमध्ये बिऱ्हाड चढतं तेव्हा त्यात पातेली असतात, गोधड्या असतात, कोंबड्या असतात. भिंतीवरचा तक्ता मागं राहतो, पिटारा मागं राहतो, सेविकाताईही मागं राहतात. चार वर्षांच्या मुलाच्या चड्डीच्या खिशात नदीतले सात-आठ गोटे मावतात. भट्टीवर पोचल्यावर तिथं कच्च्या विटांच्या रांगा लागलेल्या असतात, सरळ, एकसारख्या मापाच्या, मोजायला हव्या तितक्या. त्यांच्यापाशी त्या मुलासोबत दहा मिनिटं कोण बसतं, एवढंच विचारायचं राहतं.